आक्काचं कानातलं मशीन

घरात नवी वस्तू आली की कंग्राळी गावची आमची आक्का, म्हणजे आईची थोरली बहीण, आधी तिला हळदकुंकू लावायची आणि मग तिच्यासमोर मांडी घालून बसायची. प्रश्न ठरलेला. "हे न्हवतं तवा काय करत हुतो गं आपण?"

टोमणा नसायचा तो. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. मिक्सरचं उत्तर तिनं स्वतःच देऊन टाकलं होतं, "पाट्यानं माझं खांदं खाल्लं. ह्यो लई गुणाचा!" पण बेळगावच्या माझ्या फ्लॅटमध्ये आपोआप केर काढणारं यंत्र आलं, तेव्हा ती दुपारभर त्याच्या मागं मागं हिंडली. "ह्ये झाडतंय तवर तू काय करतीस?" म्हटलं, मोबाईल बघते. "त्यात काय बघतीस?" आता काय सांगू, कपाळ! असलीच आणखी यंत्रं बघत होते.

पुढं तिला ऐकू येईनासं झालं. घरात ती आणि गोठ्यात म्हैस, बाकी कोणी नाही. माझा जीव खालीवर व्हायचा. कानाचं चांगल्यातलं मशीन घेऊन गेले. हळदकुंकू झालं, प्रश्न झाला आणि मशीन डबीत गेलं ते गेलंच. दर रविवारी मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची आणि आतल्या आत चरफडायची. एवढी चांगली वस्तू वाया घालवली म्हातारीनं!

एकदा मधल्याच वारी न सांगता गेले, मागच्या परड्यातून. आक्का गोठ्यात म्हशीशी बोलत होती. मी मागून हळूच म्हटलं, "आक्का." तर लगेच वळली. कानात मशीन!

"लई ब्येस हाय गं," ती लाजून हसली. "म्हस रवंथ करती त्ये बी ऐकाय येतंय."

"मग मी आले की काढून ठेवतीस कशाला?"

"माझं कान धड हुतं तवा काय करत हुतीस? लांब भाईरच्या सोप्यात मोबाईल घिऊन बसायचीस. आता कशी जवळ बसतीस."

मी तिथंच शेणाच्या पाटीशेजारी बसले. तिनं मशीन काढून पदराच्या गाठीत बांधलं आणि कान पुढं केला.

आक्का गेली. मशीनच्या खाचेतलं कुंकू अजून निघालेलं नाही. काही घ्यायला दुकानात शिरले की तिचा प्रश्न आठवतो, आणि बऱ्याचदा मी तशीच परत येते. तेवढं जमलंय. पण रविवार उजाडला की पाय कंग्राळीच्या बसकडंच वळतात गं आक्का. तुझ्याकडं येत नव्हते तेव्हा मी रविवारी काय करत होते, ते मला आठवतच नाही.