पहिलटकरणीचं राज्य

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा कायदा. म्हणून नागपुरात संसार करणारी माझी आई सातव्या महिन्यात सौंसरला गेली आणि मी तिथं जन्मले. तेव्हा सौंसर आणि नागपूर एकाच राज्यात होते. पुढं राज्यांची वाटणी झाली. सौंसर मध्यप्रदेशात राहिलं, आम्ही महाराष्ट्रात आलो. जागचं मात्र कुणी हललं नव्हतं. आजोळी जाताना ती सीमा मला कधी दिसलीच नाही. दोन्हीकडे तेच संत्र्याचे मळे, तीच बोली.

सीमा दिसली ती शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा अर्ज भरायच्या खिडकीवर. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. कारकुनानं जन्मस्थानाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, तुम्ही परप्रांतातल्या, आधी महाराष्ट्राचा रहिवासी दाखला आणा. त्या दिवशी सोमवार होता आणि शेवटची तारीख शनिवारची.

वडिलांनी घरी बजावूनच ठेवलं होतं: यंदा नंबर लागला तर शिक, नाहीतर पांढुर्ण्याच्या स्थळाला होकार कळवतो. मला मास्तरीणच व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं. धाकटा भाऊ आईच्या दुसऱ्या बाळंतपणाचा, म्हणून नागपुरातच जन्मलेला. त्या आठवड्यात मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पहिलीपासूनचे शाळेचे कागद घेऊन आई आणि मी रोज तहसील कचेरीत जाऊन बसायचो. साहेब दौऱ्यावर. शुक्रवारी एकदाचे भेटले आणि त्यांनीही तेच विचारलं, मुलगी त्या राज्यात का जन्मली? आई परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी टेबलाची कड घट्ट धरून म्हणाली, "साहेब, मी मायच्या घरी गेली होती. दुसऱ्या राज्यात काहून जाईन मी?"

साहेब हसले, चौकशी करून कळवतो म्हणाले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

मी महाराष्ट्राचीच आहे असा दाखला सही-शिक्क्यानिशी मंगळवारी हातात पडला. तो घेऊन मी खिडकीवर धावले, कारकुनाच्या विनवण्या केल्या, चारचौघांत रडले. पुढच्या वर्षी या, म्हणाला. पुढचं वर्ष माझ्या हातात कुठं होतं?

उन्हाळ्यात लग्न होऊन मी पांढुर्ण्याला गेले. पांढुर्णा मध्यप्रदेशात. आता मी रीतसर परप्रांतातली झाले.

पुढच्या वर्षी, सातव्या महिन्यात, आई मला न्यायला आली. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून आणली होती. मी म्हटलं, मी येत नाही.

"काहून वं?"

"बाळ त्याच्या बापाच्या राज्यात जन्मू दे."

ती बराच वेळ दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "चुकलंच माहं."

संध्याकाळच्या गाडीनं ती एकटीच नागपूरला परत गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. राग कुणावर तरी काढायचा होता आणि रेघा ओढणारे काही माझ्या घरी येणार नव्हते. स्टेशनावर मी तिला सोडायलाही गेले नाही.