सव्वा तासाचं विमान

"सिकल सेल," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर विळा काढून दाखवला. रक्तातल्या गोल पेशी अशा वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि पुढे रक्त पोचत नाही. माझ्या उजव्या खुब्याचं हाड त्यामुळेच वाळत चाललं होतं. विळा छान काढलाय, एवढंच माझ्या मनात आलं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडशाजवळच्या एका गावात मी शिक्षिका होते. शाळेची वाट जंगलातून, पायी. खुबा गेला की नोकरी गेली, हे कोणी समजावून सांगायला नको होतं.

ऑपरेशन मुंबईला ठरलं. माझा मोठा भाऊ तिथे नोकरीला. रेल्वेत हाल होतील म्हणून त्याने नागपूरहून विमानाची तिकिटं काढली, माझं आणि आईचं. त्याने तिथल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सव्वा तासाचा तर प्रवास, येऊ द्या. फक्त पाणी भरपूर पाजा."

आता आमच्याकडची बाई घरी तांबेच्या तांबे रिकामे करील, पण प्रवासाला निघाली की ओठसुद्धा ओले करणार नाही. एसटी कुठे थांबेल, आडोसा मिळेल का, कोण सांगणार? आईने सकाळी निघतानाच बजावलं, "आता पानी नोको पिऊ वं. रस्त्यात कुठी उतरशीन?" मलाही त्यात वावगं वाटलं नाही. सगळ्याच तशा जातात.

वडसा ते नागपूर, उन्हातान्हात. मग विमानतळावर नुसतं बसून राहणं, कारण विमान उशिरा. विमानातल्या मुलीने हसून पाण्याचा पेला पुढे केला, तर आई घाईघाईने म्हणाली, "नाई पाह्यजे, बाई." एसटी निदान रस्त्यात थांबते तरी. इथे कुठे उतरणार होतो आम्ही!

मुंबईत पोचले तेव्हा पाय, पाठ, छाती, सगळी हाडं कोणी पिळून काढतंय असं झालं. याला क्रायसिस म्हणतात. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी एकदम जागोजागी अडकतात. भावाने तसंच हॉस्पिटलात नेलं. सलाइन लावलं, ऑक्सिजन लावला.

"शेवटचं पाणी कधी प्यायलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरून निघताना. सकाळी."

"अहो, विमान तर सव्वा तासाचं!"

"विमान तेवढंच जी," आई म्हणाली. "वडसा दूर आहे."

मी वाचले. पण फुफ्फुसांना इजा झाली होती. आता भूल झेपणार नाही, असं सांगून त्यांनी ऑपरेशनचा विषय मिटवला आणि हातात काठी दिली. आई भिंतीकडे तोंड करून रडली. मला कशाचंच काही वाटत नव्हतं, कितीतरी दिवस.

नोकरी सुटली नाही. मी शाळेच्या गावातच खोली घेतली. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एवढंच सांगते, प्रवास घराच्या उंबऱ्यापासून मोजा आणि पाणी पीत राहा. लाज बाजूला ठेवा. मला ते जमायला पुढचं वर्ष उजाडलं.

तपासणी करून नागपूरहून एसटीने परतत होते. जंगलाच्या रस्त्यात मी काठी टेकत उठले. "भाऊ, गाडी थांबवा. मले उतराचं आहे."

"इथी काऊन, बाई?" कंडक्टर म्हणाला. गाडीभर माना वळल्या.

"लघवीले," मी मोठ्याने म्हटलं.

गाडी थांबली. मी झुडपापर्यंत पोचले नाही तोच मागून बांगड्या वाजल्या. बसमधल्या एकूणएक बाया खाली उतरत होत्या. एक म्हातारी माझ्या शेजारून लगबगीने पुढे गेली.

"बरं केलं वं पोरी," ती म्हणाली, "नागपूरपासून धरून बसली व्हती मी."