होडीतला पाळणा

लग्नानंतर अकराव्या दिवशी इकडची स्वारी आगबोटीने मुंबईस गेली आणि बाराव्या दिवशी मी त्यांचा चेहरा विसरले.

मी वाढवून सांगते अशी माझी ख्याती आहे. घरातली पोरं माझ्या प्रत्येक वाक्याला चाराने भागून घेतात. पण ही गोष्ट मी उलट कमी करून सांगते आहे. मुळात तो चेहरा मी पुरता पाहिलाच नव्हता, तर विसरायचं काय? त्या काळी, म्हणजे तीस सालाच्या मागेपुढे, नव्या सुनेची नजर जमिनीवर असायची. दिवसा ह्यांचे पाय दिसत, आणि दिवेलागण झाली की सासूबाई तेल वाचवायला सगळ्यांचे दिवे लवकर मालवायला लावत. पाय मात्र मला पाठ होते. बंदरावर हजार पाय उतरले असते तरी त्यांतून दोन बरोबर वेचून काढले असते. पण नुसत्या पायांवर माणूस स्वप्नं तरी किती बघणार?

पावसाळाभर मी चेहरे जमवत बसले. आगबोटी बंद होत्या. पडवीत तांदूळ निवडता निवडता समोरच्या जांभ्याच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, बघितलं की शेवाळाच्या डागांत एखादं नाक उमटे, मग हनुवटी, मग जरा वेळाने मिशा. एकदा तर गडग्यात इतका देखणा नवरा आला, की शेजारची म्हैस अंग घासून गेली आणि त्याचा अर्धा गाल पुसला गेला तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. (पोरं म्हणतील अर्धा दिवस. असू दे.)

दिवाळीला ह्यांचं येणं झालं नाही. मी शिमग्यावर आशा लावली. तर मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मार्गशीर्षात पत्र लिहिलं आणि शाई वाळायच्या आत सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवलं: ‘नोकरी नवी आहे. शिमग्यास येण्याची घाई करू नये. रजा साठवून एकदम वैशाखात यावे.’ म्हणजे आणखी पाच महिने गडग्याशी संसार! आणि सुनेने नवऱ्याला आपलं वेगळं पत्र लिहिणं म्हणजे भर बाजारात डोक्यावरचा पदर टाकणं. काय लिहायचं ते मामंजींच्या पत्रात शेवटी एका ओळीत यायचं: ‘सूनबाई कुशल आहेत.’ मी तापाने फणफणलेली असले तरी कुशलच.

पण संक्रांतीचं कार्ड पाठवायला कुणाची ना नव्हती. मुंबईत छापील मिळत, तिळगूळ घ्या गोड बोला असं लिहिलेली. आमच्याकडे ती कोण आणणार? मी माहेराहून रंगांची पत्र्याची पेटी आणली होती. वडील शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि त्यांनी मला मुलगा नसल्याची भरपाई म्हणून चित्रकला शिकवली होती. बारा वड्या, त्या पाण्यात भिजवायच्या. शिंपल्यांत रंग कालवायचे आणि खारीच्या शेपटीचा ब्रश.

कार्डाला कागद म्हणून कापडाच्या ठाणातला पुठ्ठा. कड कशी कापायची? करंज्या कातायचं चाक फिरवलं की अशी नागमोडी कड निघे की छापखान्याने तोंडात बोट घालावं. ठसे मी घरचेच केले. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार. पांगाऱ्याचं लाकूड लोण्यासारखं मऊ, त्यात चाकूने पोपट कोरला, शंख कोरला, सुपारीचं झाड कोरलं. आळीतल्या सोनाराकडून दागिन्यांचे दोन जुने पितळी ठसे मागून आणले, पुठ्ठा ओलसर करून त्यावर ठेवायचा आणि वरून लाकडी हातोडीने एकच ठोका. कोयरी फुगून वर यायची. माझ्या ठोक्याने आंजर्ल्याच्या कड्यावरचा गणपती दचकला असेल, पण कोयरी अशी उठायची की आंधळ्यानेही बोट फिरवून ओळखावी.

आळीत बातमी पसरली. आळीतल्या निम्म्या बायकांचे नवरे मुंबईत, एकाच चाळीतल्या एकाच खोलीत, पंधरा जण. त्यांना पोहे, कुळथाचं पीठ, आमसुलं बांधून जायची. आता नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, लिहायचं तर त्याहून नाही. (मी अजूनही घेत नाही. ह्या लिखाणातही कुणाचं नाव सापडायचं नाही, शोधू नका.) मग गाठोडं कुणाचं ते कळणार कसं? मी प्रत्येक घरासाठी एक ठसा ठरवला आणि गाठोड्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधून दिली. पोपटवाल्याने पोपट उचलावा, शंखवाल्याने शंख.

चिठ्ठीवरून कार्डावर यायला बायकांना दोन दिवस पुरले. एकेक जण दुपारी पडवीत येऊन बसायची, इकडेतिकडे बघायची आणि हळूच म्हणायची, “असं काढ, की सासऱ्यांनी बघितलं तर नुसतं चित्र दिसलं पाहिजे. कळायचं त्याला कळेल.”

ह्या दुपारी मला अजून दिसतात. उन्हाची तिरीप शिंपल्यांतल्या रंगांत उतरलेली, निळ्या शिंपल्यात एक समुद्र, पिवळ्यात एक. बाई बोलत असते, खालच्या आवाजात. ब्रश आपोआप चालत असतो. कुणाला विहिरीवरचा तुटका रहाट हवा, कारण तो नवऱ्याने दुरुस्त करीन म्हटलं होतं. कुणाला नुसती रिकामी झोपाळ्याची फळी. मी काढत असायची आणि मला वाटायचं, आपण पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून होड्या जाताहेत.

पलीकडच्या घरातल्या वहिनी सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांचे यजमान दिवाळीला येऊन गेले होते.

“मला पाळणा काढून दे,” त्या म्हणाल्या. “पण पाळणा दिसता नये.”

“वहिनी! खरंच?”

“बोंबल आणखी मोठ्याने, मिरकरवाड्यात ऐकू जाऊ दे. अजून घरात कुणाला बोलले नाही. आधी त्यांना कळू दे.”

मी दोन वेलींना टांगलेली फुलांची परडी काढली. माहीत असेल त्यालाच पाळणा दिसावा. रंग लालच हवा म्हणाल्या, आणि माझी लाल वडी संपलेली. पौषात ताजी कोकमं कुठली? सासूबाईंच्या बरणीतलं कोकमाचं आगळ वाटीभर काढलं, त्यात डिंक घातला आणि रंगवलं. असा लाल उतरला, की पेटीतला लाल त्याच्यापुढे विटका. वाळल्यावर तर त्यावर बारीक चकाकी आली. मला वाटलं माझ्या हाताला यश आलं. आगळात मूठमूठ मीठ असतं, ते मीठ चकाकत होतं, एवढी अक्कल मला नव्हती.

ह्यांच्यासाठी मी एक होडी काढली. नाळ, म्हणजे पुढचं टोक, आमच्या किनाऱ्याकडे, आत कुणी नाही. म्हणायचं एवढंच होतं, की या.

मामंजींनी चष्मा लावून पाहिली. “होडी बरी जमलीय गो. पण वल्हवणारा खंय हा?”

“यायचाय अजून,” मी बोलून गेले आणि जीभ चावली. मामंजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग परत होडीकडे, आणि कार्ड परत दिलं.

रंग खरवडू नयेत म्हणून मी मोठ्या शहाणपणाने कार्डं जोडीजोडीने तोंडाला तोंड लावून बांधली. वहिनींचं नि माझं शेवटी उरलं, ते एकमेकांवर. बंदरावरच्या एका ओळखीच्या खलाशाकडे गठ्ठा दिला.

त्यानंतर पंधरा दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. भात शिजवला असणार, कारण सगळे जिवंत होते.

माघ लागला होता. सकाळी पडवी सारवत होते, तर समोरच्या पायरीवर दोन पाय येऊन उभे राहिले. धुळीने माखलेले, चपलांचे पट्टे घामाने काळे झालेले. मी वर बघितलंच नाही. गरजच नव्हती. हातातला शेणाचा गोळा तसाच घेऊन मी आत पळाले आणि सासूबाईंना सांगितलं, “पाय आलेत.”

घरात एकच गडबड उडाली. पण ह्यांचं काही लक्षण ठीक दिसेना. पाणी दिलं, घेतलं नाही. माजघरात डोकावले, मग कोठीत, मग मागच्या खोलीत. आढ्याकडे बघितलं, कड्या मोजल्या. बाहेर येऊन माझ्या पोटाकडे असे बघायला लागले, जणू तिथून त्यांचं काहीतरी चोरीला गेलं आहे.

सासूबाईंनी विचारलं, “काय हरवलं रे?”

“काही नाही,” हे म्हणाले आणि गोठ्यात जाऊन पाहून आले.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी विहिरीवर होते. पाय मागे येऊन थांबले.

“कुठं आहे?”

“काय?”

“बाळ.”

“कुणाचं?”

“आपलं!”

हे आमच्या संसारातलं पहिलं दिवसाउजेडीचं बोलणं. मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, “ते अजून व्हायचंय.”

ह्यांनी कोटाच्या खिशातून कार्ड काढलं. माझीच होडी. पण तिच्या मधोमध, फिकट लाल, उलटा उमटलेला, वहिनींचा पाळणा! आगळाने डेकवरच्या खाऱ्या वाऱ्यात पाणी धरलं होतं आणि जे पोटात होतं ते समोरच्या कार्डावर ओकलं होतं. माझी होडी पाळणा घेऊन किनाऱ्याला लागत होती. इतकं सुंदर चित्र मी जन्मात काढलं नव्हतं, आणि तेही मी काढलं नव्हतं.

“मी वैशाखापासून मोजलं,” हे म्हणाले. “माघात नऊ भरतात. बाबा लिहितात येऊ नकोस, मला वाटलं काहीतरी लपवताहेत. तसाच निघालो. चार दिवसांची रजा आहे.” मग हळूच, “खोलीत पेढे वाटून आलोय.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. पलीकडच्यांनी तर दोन खाल्ले.”

ज्याचे पेढे त्यानेच खाल्ले, आणि त्याला पत्ता नाही! वहिनींचं कार्ड तिकडे फिकट पडून गेलं होतं. त्यांच्या यजमानांनी ते बघून एवढंच म्हटलं म्हणे, ‘परडी बरी आहे.’ पुढे मी हे वहिनींना सांगितलं तेव्हा त्या माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. “माझा पाळणा तुझ्या होडीत घातलास,” म्हणायच्या. शेवटी मी काळ्या शाईने दुसरा काढून दिला, पाळण्यासारखा पाळणा, तेव्हा बोलल्या.

विहिरीवर मला हसू आवरेना. हसताना मान वर गेली. मी डोळे मिटून घेतले. काय झालं कुणास ठाऊक, मला भीतीच वाटली. सात-आठ महिने इतके चेहरे जमवले होते, त्यांतला एकही नसला तर? डोळे उघडले तोवर सासूबाईंची हाक आली आणि हे वळले. मला एक कान दिसला.

ह्यांच्या पिशवीत एक पिवळं रेशमी झबलं होतं. ते कुठे ठेवायचं? मी भाताच्या कणगीत खोल खुपसलं. सासूबाई रोज कणगीत हात घालतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी एवढंच म्हणेन की त्या क्षणी मला ते आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई कणगीपाशी बराच वेळ उभ्या होत्या. मुलगा कालच आला होता, पण झबलं हाती लागल्यावर महिने मोजत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पेजेची पहिली वाटी माझ्यापुढे आली, आणि पाण्याची कळशी माझ्या कमरेवरून काढून घेण्यात आली. थोड्या वेळाने ओसरीवरून त्यांचा आवाज आला.

“हा शिमग्यापर्यंत जायचा नाही.”

“अगो पण नोकरी?”

“नोकरी गेली खड्ड्यात. पहिलटकरणीला सोडून पोरगा जातो काय? आणि तुम्ही त्याला लिहिता, येऊ नको!”

ज्यांनी येऊ नको लिहिलं होतं, त्याच मामंजींनी कोट चढवला, पोस्टात गेले आणि तार केली: आई अत्यवस्थ. अत्यवस्थ आई तेव्हा मागीलदारी बसून सुका बांगडा भाजत होती.

मी सांगायला हवं होतं. हेही मला म्हणाले, “सांग ना.” मी म्हटलं, “तुम्ही सांगा, पेढे तुम्ही वाटलेत.” एकदा दोघांनी गप्प बसायचं ठरवलं की दिवस भराभर जातात. दिवे मात्र सासूबाईंनी पूर्वीसारखेच लवकर मालवले.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात आली. ढोल असा वाजत होता की वेळणेश्वरापर्यंत नारळ गळले असतील. मी ओटी भरायला पुढे झाले, वाकले, आणि अंगण, पालखी, ढोल सगळं हळूच पाण्याखाली गेलं. कुणीतरी मला धरलं.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” सासूबाई सगळ्या आळीला सांगत होत्या. आणि आता त्यांचं खरं होतं. कसंबसं, पण खरं.

मी डोळे उघडले. भर उन्हात, एका वितीवर, चेहरा होता. कुठल्याच गडग्यावर मी तो पाहिला नव्हता. नाक थोडं बसकं. मिशा विरळ. डावी भुवई मध्येच तुटलेली, तिथे जुन्या जखमेचा पांढरा वण, आणि घामाचा एक थेंब त्या वणाशी येऊन अडकलेला.

“काय बघतेस?” हे म्हणाले.

“हलू नका,” मी म्हटलं.