खालच्या गटातलं बारावं नाव

पोलिक्सेनीबाई या जूनमध्ये निवृत्त झाल्या. शिक्षकांनी त्यांना चांदीचं तबक दिलं, मुख्याध्यापकांनी भाषण केलं आणि शाळेतल्या माझ्या कँटीनमधून चीज भरलेल्या तीस पुऱ्यांचे दोन ट्रे गेले. बाईंनी एकीलाही हात लावला नाही. आठ वर्षांत त्यांनी माझ्याकडून काही म्हणता काही घेतलं नाही. डब्यात उकडलेलं अंडं आणि चार ऑलिव्ह, थर्मासात डोंगरी चहा, आणि मधल्या सुट्टीत माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून ते खायचं. जागा दुसरीकडेही होती.

मला ही बाई कधीच आवडली नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण या गेल्यात त्या द्रामा शहरात, आपल्या बहिणीकडे. तेव्हा बोलायला हरकत नाही.

आमच्या गावात त्यांनी सव्वीस वर्षं काढली. पोस्टाच्या वरची भाड्याची खोली, लग्न नाही, मांजर नाही, थंडीभर एकच तपकिरी स्वेटर. बाकीचे शिक्षक मूल श्वास घेतंय एवढ्यावर वीसपैकी अठरा देत. या तेरा द्यायच्या आणि निवांत झोपायच्या. आया त्यांना रस्त्यात बघून पदपथ बदलायच्या. एकदा त्यांनी माझ्या दरफलकावरची चूक लाल पेनाने सुधारली, न विचारता. मी फलकच काढून टाकला.

आमच्याकडे इंग्रजी शाळेत शिकत नाहीत. तिसरीपासून ज्याला परवडतं ते प्रत्येक पोर दुपारी खाजगी क्लासला जातं, आणि शाळेतल्या इंग्रजीच्या तासाला क्लासचा गृहपाठ करतं. शिक्षकही खूश, पोरंही खूश. पोलिक्सेनीबाई मात्र गावात क्लास नावाची गोष्टच नसल्यासारख्या शिकवायच्या. माध्यमिकच्या पहिल्या वर्षावर तर त्यांचा डोळाच. सप्टेंबरात पहिल्या दिवशी पाद्री येऊन तुळशीच्या जुडीने सगळ्यांवर पाणी शिंपडून जायचा, दुसऱ्या दिवशी बाई नव्या पोरांची इंग्रजीची चाचणी घ्यायच्या आणि तिसऱ्या दिवशी काचेच्या दारावर यादी लागायची. वरचा गट, खालचा गट. वरच्याला जाड पुस्तक, खालच्याला अगदी मुळाक्षरांपासून. नियम असा की खालच्या गटाला बारा डोकी लागतात. अकरा झाली की गट मोडला, सगळी एका खोलीत आणि सगळ्यांना जाड पुस्तक.

आम्ही आठ वर्षांपूर्वी, उन्हाळा संपता संपता, डोंगरावरच्या वाडीतून खाली आलो होतो. आपोस्तोलिसने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मेंढ्या विकून दुधाच्या गाडीवर नोकरी धरली आणि मला हे कँटीन मिळालं. वर वाडीत दरवर्षी कागदोपत्री इंग्रजीचा शिक्षक नेमला जायचा आणि दरवर्षी तो रस्ता बघून आजारी पडायचा. त्यामुळे आमची थोमाई बारा वर्षांची झाली तरी तिला इंग्रजी आमच्या मेंढ्यांइतकंच येत होतं.

यादी लागली त्या सकाळी दारापाशी ही गर्दी. फार्मसीवाल्याची बायको देस्पीना पुढे उभी राहून मोठ्याने नावं वाचत होती. खालच्या गटात बारावं नाव आलं तेव्हा ती थांबली आणि मागे वळून म्हणाली, "अगंबाई, कँटीनवालीची खाली आहे वाटतं. बिचारी."

त्या 'बिचारी'ने माझ्या अंगाची लाही लाही झाली. गावात येऊन दहा दिवस झाले नव्हते. वाडीवरची म्हणून आधीच लोक माझ्या पुऱ्या जरा वास घेऊनच उचलत होते. त्यात पोरगी यादीत सगळ्यात खाली, तीही काचेच्या दारावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आमच्या देशात प्रतिज्ञापत्रावर काहीही चालतं. मरून पडलेल्या माणसाने मी जिवंत आहे असं लिहून खाली सही केली, तर कारकून शिक्का मारतो. दुसऱ्या दिवशी मी छापील कागद आणला आणि लिहिलं: माझी मुलगी लारिसा शहरातल्या क्लासला तीन वर्षं गेली आहे, तिला वरच्या गटात घ्यावं, मी जबाबदारीने सही करते. लारिसा थोमाईने एकदाच पाहिलं होतं, दात काढायला गेली तेव्हा.

कागद घेऊन गेले तर मुख्याध्यापकांच्या खोलीत पोलिक्सेनीबाईही होत्या. थोमाई माझ्या मागे दाराशी उभी. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला.

"तुमच्या मुलीने चाचणीत फक्त स्वतःचं नाव लिहिलंय," त्या म्हणाल्या. "नाव छान लिहिलंय. बाकी मी शिकवते."

"तुम्ही काय शिकवता ते गावाला माहीत आहे."

"ही गेली तर अकरा उरतात. गट मोडेल."

मला वाटलं, बाईंचा तास जातोय म्हणून ही रड. मी तसं तोंडावर म्हटलं. त्यांनी चष्मा परत चढवला आणि म्हणाल्या, "माझं काही जात नाही. मी तीस पोरांना एकदम शिकवलं तरी पगार तोच."

मुख्याध्यापकांना कटकट नको होती. त्यांनी शिक्का मारला.

गट मोडला. बत्तीस पोरं एका खोलीत कोंबली गेली. क्लासवाली वीस जण पुस्तक उघडायच्या आधीच उत्तरं द्यायची, आणि उरलेली अकरा, शिवाय आमची थोमाई, भिंतीकडे बघायची. पहिल्याच आठवड्यात थोमाईला काही वाचायला उठवलं आणि देस्पीनाची लेक अशी हसली की सगळा वर्ग हसला. त्यानंतर बाईंनी थोमाईला कधी उठवलं नाही. तिला गुण मिळाले अकरा.

त्या अकरा पोरांच्या आया माझ्या खिडकीवर येऊन चिडायच्या. गट का मोडला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. उलट त्यांच्या कॉफीत साखर घालत म्हणायचे, आळशी आहे हो बाई, दोन वर्ग कोण घेणार, एकातच उरकते. एवढं बोलून मला बरं वाटायचं, हेही कबूल करते. बाई समोरच्या बाकावर अंडं सोलत बसलेल्या असायच्या. त्यांना ऐकू जात नसेल असं मी मानत होते. पण खिडकी उघडी होती आणि बाई काही बहिऱ्या नव्हत्या.

गुण हातात आले तशी मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, माझ्या मुलीला वर्गात विचारत नाही, बोलू देत नाही, आणि वर अकरा? हा कसला सूड?

"विचारलं तर हसतात," बाई म्हणाल्या. "मी हसणं थांबवू शकते, पण तिचं घाबरणं थांबवू शकत नाही. म्हणून विचारत नाही. तुम्ही घरी विचारता का?"

घरी काय विचारणार? मला तरी कुठे येतं? थोमाई घरीही बोलेनाशी झाली होती. जेवताना खाली बघायची, पाणी हवं असलं तर पेला पुढे सरकवायची. आपोस्तोलिस म्हणायचा, वय आहे. मी म्हणायचे, त्या बाईने पोरीची जीभ कापली.

फेब्रुवारीत आयांनी ठरवलं, लारिसाच्या शिक्षण कार्यालयात लेखी तक्रार करायची. बाईंची बदली झाली पाहिजे. मधल्या सुट्टीनंतर माझ्याच कँटीनमध्ये जमल्या, सात-आठ जणी. कागद माझ्याकडे आला, कारण अक्षर माझं बरं होतं. मी लिहिलं: सदर शिक्षिकेने स्वतःच्या सोयीसाठी खालचा गट मोडला. खाली पहिली सही माझीच केली आणि पेन पुढे दिलं.

थोमाई कोपऱ्यात रिकामे ट्रे पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं.

"गट बाईंनी नाही मोडला," ती म्हणाली. "आईने मोडला. मी क्लासला जाते असं तिने खोटं लिहून दिलं. मी बारावी होते."

कितीतरी महिन्यांत एवढं लांब ती बोलली नव्हती. अडखळली नाही, रडलीही नाही.

एकीने पेन काउंटरवर ठेवलं. दुसरीने अर्धी प्यालेली कॉफी सारून पर्स उचलली. एकेक करून सगळ्या गेल्या. त्यांच्यातल्या दोघी अजूनही धाकट्या पोरांना डबा देऊन पाठवतात, माझ्याकडचं खाऊ देत नाहीत. कागदावर माझी एकटीची सही राहिली.

पोलिक्सेनीबाईंना मी माफ केलेलं नाही. गट कुणी मोडला ते त्यांना कुणालाही एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर मी भांडले असते, त्यांना खोटं पाडलं असतं, निदान बरोबरीचं झालं असतं. सगळं गाव त्यांना शिव्या देत होतं आणि त्या समोर बसून अंडं खात होत्या. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्या दिवशी कँटीन बंद करताना मी थोमाईला म्हटलं, चारचौघींत माझी अब्रू घालवलीस. आधी मला एकटीला का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं की," ती म्हणाली. "यादी लागली त्याच संध्याकाळी. म्हटलं होतं, आई, मला खालीच बसू दे, मला पहिल्यापासून शिकायचंय."

सांगितलं होतं. मी पीठ मळत होते, आणि मला ते नीट ऐकू आलं होतं.