नीलकंठरावांची बाग

माझे मेहुणे नीलकंठराव मरणाला भीत नसत. हे काशीच्या सगळ्या पंचगंगा घाटाला ठाऊक होतं, कारण ते स्वतःच रोज सांगत. संध्याकाळी राजा घाटाच्या पायरीवर पंचा अंथरून बसायचे आणि चार विद्यार्थी जमले की सुरू. सगळं जग बारीक कणांचं झालंय, कण सुटले की माणूस संपला, मेल्यावर दुखायला कोणी उरतच नाही, मग भ्यायचं कोणासाठी? देव असलेच तर कुठेतरी दूर आपल्या सुखात आहेत, बिंदुभटाची घंटा त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही.

बिंदुभट म्हणजे मी. पंचगंगेवर यात्रेकरूंना संकल्प सांगणारा, त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ.

हे ज्ञान त्यांना एका म्हाताऱ्या पाद्रीसाहेबामुळे लाभलं. साहेबाने बिचाऱ्याने लॅटिन शिकवलं ते येशूच्या गोष्टी वाचाव्यात म्हणून. ह्यांनी त्यातून उचललं दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा रोमन कवीचं काव्य, एपिक्युरियन पंथाचं. त्या पंथाचे मूळ गुरू म्हणे ग्रीस देशात एका बागेत राहत आणि भाकरी, पाणी, दोन मित्र एवढ्यात सुख मानत. नीलकंठराव त्या काव्याच्या मराठी ओव्या करत होते. सन अठराशे सत्त्याण्णव उजाडलं तेव्हा ह्या उद्योगाला अकरा वर्षं झाली होती. अक्षर असं की स्वतःचं स्वतःला लागत नसे. म्हणून सुवाच्य नक्कल करायची ती माझी बहीण कालिंदी. तिला लिहायला त्यांनीच शिकवलं होतं, तेवढं त्यांचं श्रेय मी नाकारत नाही.

आता रामनगरचं सांगतो. काशीत मेला तो सुटला आणि गंगेपलीकडे रामनगरात मेला तो गाढवाच्या जन्माला गेला, असं इथे सगळेच मानतात. मीही मानतो. नीलकंठराव ह्यावर शेंडी सुटेपर्यंत हसायचे. पण तीस वर्षांत त्यांनी पलीकडे एक रात्र काढली नाही. रामनगरची रामलीलासुद्धा अर्धी टाकून परत यायचे. म्हणे, थंडी बाधते.

त्या वर्षी नवरात्रात कालिंदीच्या खोकल्यातून रक्त पडलं. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं, “ह्या गल्लीतली हवा सोडा. पलीकडे ऊन-वारा मिळाला तर चार-पाच वर्षं सहज निघतील. उशीर मात्र करू नका.” एका विद्यार्थ्याच्या वडिलांची रामनगरला अमरूदांची, म्हणजे पेरूंची, बाग होती, आत दोन खोल्या. त्यांनी ती आपणहून देऊ केली. ज्या बागेच्या अकरा वर्षं ओव्या रचल्या, ती फुकट चालून आली होती!

पण नीलकंठरावांना आधी ते शिकवत त्या शाळेच्या परीक्षा आठवल्या. मग कार्तिक लागला. “कार्तिकात काशी सोडायची?” असं हे गृहस्थ मला विचारतात! घाटावर आकाशदिवे लागले, कार्तिक संपला, कालिंदी खोकतच होती. आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते घाटावरच्या माझ्या छत्रीखाली येऊन बसले.

“बिंदुमाधवराव, जरा पंचांग पाहता? पलीकडे जायला एखादा दिवस...”

आजारी माणसाला हवापालटाला मुहूर्त लागत नाही, हे कुठलाही भट सांगेल. मलाही सांगता आलं असतं. पण अकरा वर्षं माझ्या घंटेची चारचौघांत टर उडवली होती त्यांनी. मी मुद्दाम पानं उलटली आणि आजूबाजूला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “खरमास लागलाय, आपला धनुर्मास. संक्रांतीपर्यंत एकही दिवस नाही.”

वाटलं, आता तरी भडकतील, पंचांग गंगेत टाका म्हणतील आणि बायकोला नावेत बसवतील. तर त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

“मग नाइलाज आहे,” ते म्हणाले आणि सुपारी ठेवून निघून गेले. शरम वाटली ती मला, त्यांना नव्हे. पण मीही उठून त्यांच्या मागे गेलो नाही.

कालिंदीला हे कळलं तेव्हा ती खोकला लागेपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी ऐन खरमासात तिने शेजारच्या अन्नपूर्णाकाकूंना सोबत घेतलं, बिछाना उचलला आणि ती पलीकडे गेली.

तिथे ती अडीच महिने राहिली. उन्हात खाटेवर बसून नक्कल करायची, माळ्याच्या बायकोशी गप्पा मारायची, मीठ लावून अमरूद खायची. नीलकंठराव रोज जायचे, ओव्या तपासायचे आणि दिवस कलायच्या आत नावेत. फाल्गुनात वैद्य तिला पाहून आले आणि म्हणाले, “दोन महिने आधी आली असती तर.” मी आणि नीलकंठराव समोरासमोर उभे होतो.

मग आम्ही तिला काशीत आणायला नाव घेऊन गेलो. तुळस आणि गंगाजळ नीलकंठरावांनी स्वतःच्या हातात धरलं होतं.

“चल, कालिंदी,” मी म्हटलं. “इथे नको.”

“का रे दादा? इथे छान आहे. हवा आहे, ऊन आहे.”

“अगं, पण इथे...” नीलकंठरावांनी तुळस पुढे केली.

“गाढव होईन म्हणता?” ती हसली. “झाले तर झाले. अमरूद तर मिळतील. आणि तुम्हीच ना लिहवून घेतलंत, की मागे कोणी उरतच नाही? मी सगळं नीट लिहून काढलंय हो. मला ते पटलं.” मग बाहेर पाहून म्हणाली, “आता निघा तुम्ही. सूर्य उतरला. तुम्हाला उशीर होईल.”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरोखर त्यांच्या काळजीने बोलत होती. आणि ते निघाले. मीही निघालो.

सकाळी परत गेलो तेव्हा ती गेली होती. अन्नपूर्णाकाकू म्हणाल्या, “शांत गेली. पाणी मागितलं, प्यायली, आणि बस.” उशाशी नक्कल पुरी करून बांधून ठेवलेली होती. त्यावर दोन अमरूद होते.

तिला अलीकडे आणायला नावेत ठेवलं. रामनगरच्या घाटावर धोब्याची गाढवं उभी होती. नीलकंठराव नावेपाशी येऊन थांबले, मागे वळले, आणि त्यांनी पंच्यातून तिच्या उशाचा एक अमरूद काढून सगळ्यात पुढच्या गाढवीच्या तोंडापुढे धरला. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते, ती ओवी नव्हती.

अकरा वर्षं मी ह्याच क्षणाची वाट पाहत होतो. हसायला मला काहीच हरकत नव्हती.

“दुसराही द्या,” मी म्हटलं.