सोनखताचे थर

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या वेशीबाहेर सोनखताचे खड्डे सुरू झाले. घरोघरचा मैला आणि गावचा कचरा थराथराने खड्ड्यात भरून त्याचे खत करायचे. देखरेखीला माझी नेमणूक झाली. आमचे घर शिक्षकांचे. आई शेजाऱ्यांना सांगायची, "कचेरीत लागलाय."

खड्ड्यावरचा कामगार माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, लहानपणापासून मैला वाहिलेला. तरी मी त्याला अरेतुरेच करत असे. पहिल्या दिवशी मी त्याला थरांची मापे सांगितली. तो म्हणाला, "साहेब, मैला इतका जाड नको. आत हवा जानार न्हाई. कचरा वाढवा."

मी ऐकले नाही. चार महिन्यांनी खड्डा उघडला तर मधे काळा चिखल आणि उभे राहवणार नाही अशी घाण. दुसरा खड्डा त्याच्या पद्धतीने भरला. तो आतून इतका तापला की खुपसलेली पहार हातात धरवेना. त्यातून निघालेले खत भुसभुशीत होते.

पण घेणार कोण? शेतकरी लांबूनच बघून जात. शेवटी सावेडीच्या मळ्यातली एक बाई गाडी घेऊन आली.

"ह्यात काय काय घातलंय?" तिने विचारले.

"कचरा, राख, पालापाचोळा..." मी सुरुवात केली.

"मैला हाय, बाई," कामगार मधेच म्हणाला. "पर चार महिने मुरलाय."

तिने मूठभर खत उचलले, चोळले, हुंगले. "आमच्या उकिरड्याला ह्याच्यापरीस जास्त वास येतो. भरा गाडी. वांग्याला घालून बघते."

हिवाळ्यात ती पुन्हा आली, सोबत शेजारचे दोन शेतकरी घेऊन. वांगी लई धरली, म्हणाली. मग गाड्यांची रांग लागू लागली.

उन्हाळ्यात पुण्याहून एक अधिकारी खड्डे बघायला आले. खत हातात घेऊन त्यांनी विचारले, "हे प्रमाण कोणी बसवलं?"

"अनुभवानं जमत गेलं," मी म्हणालो. कामगार फावडे घेऊन चार हातांवर उभा होता. अधिकाऱ्यांनी माझी पाठ थोपटली.

ते गेल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. "मी तुमचं नाव सांगायला हवं होतं." तुमचं, हे तोंडून पहिल्यांदाच गेले.

त्याने फावडे खड्ड्याच्या कडेला टेकवले. मग म्हणाला, "सांगायचं तवा सांगितलं न्हाई. आता ऱ्हाऊ द्या. उद्या कचऱ्याच्या दोन गाड्या जास्ती मागवा. पाऊस यायच्या आत हे दोन खड्डे भरू."