रजेच्या अर्जावरची दुसरी सही

इस्त्रीवालीला माणसं कपड्यांवरून कळत, आणि कळली की फारशी आवडत नसत. जिन्याखालच्या टेबलाशी ती एकवीस वर्षं उभी होती. कुणाची कॉलर मळते, कोण बाहीला तोंड पुसतो, सगळं तिला ठाऊक. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "एक पुरुष पोसलाय, तेवढा पुरे."

तो पुरुष म्हणजे धाकटा भाऊ. सात वर्षं तुरुंगात. समोरच्या टेलरबाईंच्या दुकानात चोरी करायला शिरला, त्या आडव्या आल्या तेव्हा सळईनं त्यांचं उजवं मनगट मोडलं. "चोरीसाठी रिकामं दुकान शोधायचीही अक्कल नाही," असं ती भेटीच्या जाळीतून त्याला सुनावून आली होती. तेव्हापासून टेलरबाईंच्या दुकानाकडे मात्र तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं.

यंदा त्याला पहिल्यांदाच घरी यायला चौदा दिवसांची रजा मिळणार होती. फक्त दोन शेजाऱ्यांनी 'हरकत नाही' म्हणून सही द्यायची. हवालदार कागद घेऊन आला. तळमजल्यावरच्या दूधवाल्यानं न वाचता सही ठोकली. दुसरी सही वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांची, म्हणजे झालीच म्हणायची. निवृत्त झाल्यापासून सर दरवर्षी त्याच तुरुंगात जाऊन 'माणूस बदलतो' या विषयावर भाषण देत. त्या दिवशीचा कोट इस्त्रीला हिच्याकडेच येई.

हवालदाराबरोबर ती वर गेली. सरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माणूस सुधारतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, बाई. पण आपल्या जिन्यात नको."

"मग कुठे सुधारू दे? गच्चीवर?"

"चेष्टा नको. घरात नातवंडं असतात."

"दोन वर्षांत आली नाहीत ती, सर. आली असती तर कपडे माझ्याकडे आले असते."

सरांनी दार लावून घेतलं. खाली येऊन हवालदार कागदाची घडी घालू लागला. "हरकत आहे, असं लिहावं लागेल, ताई."

"काय म्हणाला मास्तर?" समोरून टेलरबाईंचा आवाज आला.

"नको म्हणाले," हवालदारानं सांगितलं. "नातवंडांमुळे."

टेलरबाई खो खो हसल्या. "आण तो कागद इकडे."

इस्त्रीवालीच्या तोंडून कसंबसं निघालं, "मावशी, तुम्ही..."

"माफबिफ केलेलं नाही हं. शिवी तश्शी जपून ठेवलीय, तोंडावर देणार आहे. त्यासाठी तो आधी यायला नको? एका हाताला सात वर्षं, झालं की. आणि त्या मास्तरच्या ओळीत मला बसायचं नाही."

त्यांनी सही केली. हवालदारानं कागद डोळ्यांजवळ नेला. "मावशी, जरा नीट करा ना, वाचता येत नाही."

"आधी नीट यायची," टेलरबाई म्हणाल्या आणि मशीनकडे वळल्या.

इस्त्रीवालीनं सात वर्षांत पहिल्यांदा मान वर करून त्या दुकानाकडे पाहिलं.

तीन आठवड्यांनी रजा मंजूर झाल्याचं पत्र आलं. दुसऱ्याच दिवशी सर कोट न्यायला उतरले.

"तत्त्वतः माझा विरोध नव्हता हं, बाई."

कोटाला कुठे एक सुरकुती नव्हती. तिनं तो त्यांच्या हातावर ठेवला.

"यंदा भाषणाला एक श्रोता कमी असेल, सर. तो घरी येतोय."